एक तुझा, एक वर्गाचा

टक्.

नवा खडू दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मॅडम मधोमध मोडायच्या, कडक भाकरी मोडावी तसा. मग दोन्ही तुकडे समोरच्याच्या हातावर ठेवायच्या. "एक तुझा, एक वर्गाचा." पाठ घ्यायला निघालेल्या माणसाला त्यांच्याकडून मिळणारं मार्गदर्शन एवढंच.

अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो म्हणून शिक्षक तो मोडून घेतात, हे तुम्ही शाळेत पाहिलं असेल. मॅडमचं कारण वेगळं होतं. एक तुकडा शिकवणाऱ्यानं वापरायचा. दुसरा मुलांच्या हातात द्यायचा आणि तो तास संपेपर्यंत मुलांकडेच फिरायचा. तास संपला की मॅडम तळहात पुढं करायच्या. त्यावर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे. पालिकेच्या शाळेतला खडू भुसभुशीत, फळा खरबरीत, तासाभरात तुकडा पेराएवढा होतो. तुमचा तुकडा मुलांच्या तुकड्यापेक्षा आखूड झाला असेल, तर पाठ फसला. वाद घालायला जागा नाही. खडू खोटं बोलत नाही.

त्या आमच्या कॉलेजात बी.ए.ला मराठी शिकवायच्या. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नवी नेमणूक आणि उन्हाळा आला की आपोआप सुटका. असे बारा जून त्यांनी काढले होते. मूळच्या मंद्रूप गावच्या. वर्गात पुस्तकासारखं बोलायच्या, पण राग आला किंवा आनंद झाला की मंद्रूप बाहेर पडायचं. एक प्रसंग सोडला तर त्या स्वस्थ बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीवर त्यांची पर्स बसायची आणि त्या खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा फिरत पेपर तपासायच्या. स्कूटीवर पायाशी एक गुंडाळफळा कायम आडवा ठेवलेला. सिग्नलला थांबल्या तरी एक पाय जमिनीवर आपटत राहायच्या, जणू लाल दिवा त्यांच्यामुळेच लवकर हिरवा होणार होता.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं त्याआधी खऱ्या वर्गात उभं राहून, खऱ्या मुलांना भाषा शिकवलेली असावी. आणि हे अभ्यासक्रमात लिहिलेलं असावं, कुणाच्या मर्जीवर नसावं.

"केमिस्ट्रीला प्रॅक्टिकल हाय. झूलॉजीला हाय," त्या म्हणायच्या, "आणि भाषेला काय? रसग्रहण करा! कशाचं रसग्रहण? तीन वर्षं भाषा कागदावर बघायची. माणसाच्या तोंडात कवा बघायची?"

"त्यासाठी बी.एड. आहे की, मॅडम," विभागप्रमुख सर म्हणायचे. सर वाईट नव्हते. सरांना फक्त कटकट नको असायची.

"बी.एड. शिक्षक व्हायचंय त्याला. मी भाषेबद्दल बोलतेय, सर. दुसऱ्याला सांगायला गेल्याशिवाय आपल्याला काय येत न्हाय ते कळत न्हाय."

मग नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात सगळ्यांनाच कामाचा अनुभव सक्तीचा झाला. आमच्या आधीच्या मुलांनी तो कसा घेतला, ते सांगते. एकानं झेरॉक्सच्या दुकानातून सर्टिफिकेट आणलं. दुसऱ्यानं मामाच्या मोबाइलच्या दुकानातून. त्यावर लिहिलं होतं, 'मराठीतून ग्राहकसंवादाचा अनुभव'. विभागानं दोन्ही सर्टिफिकेटं फाइलला लावली. आणि मॅडमनी सरांच्या टेबलासमोर फेऱ्या मारायला सुरुवात केली. आठवडाभर मारल्या. शेवटी सर म्हणाले, "बरं. यंदा तुम्ही म्हणता तसं करून बघा. मार्चच्या बैठकीत ठरवू ठेवायचं की काढायचं."

त्या वर्षी आम्ही बारा जण होतो.

---

शाळा होती शहराच्या पूर्व भागात. यंत्रमागांची खडखड भिंतीपलीकडून वर्गात येत राहते, अशी ती शाळा. मुलांच्या घरी तेलुगू, गल्लीत उर्दू आणि तेलुगूची खिचडी, आणि पाठ्यपुस्तकात मराठी. तिसरी आणि चौथीला मिळून एकच शिक्षिका होत्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. मॅडम त्यांना भेटल्या, चहा झाला, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "तिसरीचा एक तास घ्या. आठवड्यातून तीन दिवस. परवानगीचा अर्ज मी वर पाठवते. कागद येईल तेव्हा येईल, पोरांचं वर्ष थांबत नाही." आमचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं होतं. त्यावर कुणाची सही नव्हती.

आता मी कुठून आले तेही सांगायला हवं. माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर. लहानपणी मी पत्रकांच्या घड्या घालत जेवले आहे. अन्याय दिसला की चार परिच्छेद, शेवटी उद्गारचिन्ह, खाली 'आपले नम्र'. वर्गात मोहोळहून एसटीनं येणारा महेश मला हाकच मारायचा, "ए हँडबिल!"

माझा पहिला पाठ होता 'आपली भाषा'. मी तयारी काय केली म्हणता! मातृभाषेचा हक्क, श्रमिकांची भाषा, सत्तेची भाषा. चाळीस मिनिटं मी धबधब्यासारखी बोलले. मुलं हाताची घडी घालून बसली होती. शेवटी सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी घामाघूम आणि खूश.

व्हरांड्यात मॅडमनी तळहात पुढं केला. माझा तुकडा हरभऱ्याएवढा उरला होता.

"आणि वर्गाचा?"

मी पर्स उघडली. वर्गाचा तुकडा तिथंच होता. जसाच्या तसा. त्याच्या मोडलेल्या कडेची धारसुद्धा गेली नव्हती.

मॅडमनी दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे त्या आम्हा बारा जणांना वर्षभर म्हणणार होत्या, "तू बोललीस. कळलं. पोरं काय बोलली?"

"टाळ्या वाजवल्या की, मॅडम."

"टाळ्या सभेत वाजवतात, बाळा. सभेत कुणी काय शिकत न्हाय."

प्रत्येकाला एक जर्नल करायचं होतं, सायन्सच्या मुलांसारखं. प्रत्येक पानावर त्या दिवशीचे दोन तुकडे सेलोटेपनं चिकटवायचे आणि खाली एकच ओळ लिहायची : आज मुलं काय बोलली. मुलांचं बोलणं मुलांच्याच शब्दांत. माझ्या पहिल्या पानावर एक हरभरा आहे, एक अर्धा खडू आहे आणि खालची ओळ कोरी आहे.

महेशचं उलटं. तो वर्गात पाय टाकायलाच तयार नव्हता. "मॅडम, मला शुद्ध येत न्हाय. 'न' आणि 'ण' मधी घोळ हुतो. पोरं हसतील."

"हसतील ना?"

"हसतील की!"

"मग तोंड उघडंल की त्यांचं. जा."

तो गेला. आमच्याकडं भेंडीला काय म्हणतात, तुमच्याकडं काय, असं विचारत त्यानं अख्ख्या मंडईची भाजी पोरांकडूनच फळ्यावर मांडून घेतली. पोरं हसली, भांडली, एकमेकांच्या हातून खडू ओढू लागली. वर्गाचा तुकडा कणभर उरला आणि महेशचा तसाच राहिला. त्यानं तो कानामागं खोचून आणला होता, सुताराच्या पेन्सिलीसारखा. मॅडम व्हरांड्यात अक्षरशः नाचल्या. "लई भारी! लई भारी!" माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

---

वर्गात एक मुलगी होती, लावण्या. खिडकीजवळ बसायची. जूनपासून तिनं मराठीत एक शब्द काढला नव्हता. मुकी नव्हती, मधल्या सुट्टीत तेलुगूत तिचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. वर्गात मात्र ओठ शिवलेले. खडू तिच्याकडं आला की ती तो पुढच्या मुलीकडं सरकवायची, ताटातली नको असलेली भाजी सरकवावी तशी.

मी तिच्यावर सगळे उपाय केले. गोड बोलले. चित्रं दाखवली. तिच्यासाठी तेलुगूतले चार शब्द शिकून गेले आणि ते इतके वाकडे उच्चारले की बाकीची पोरं बाकावरून घसरायची बाकी राहिली. ती हसली नाही.

एका दिवशी माझा विषय होता 'आमच्या गल्लीतली कामं'. मी फळ्यावर माग काढला. युनियनवाल्याची मुलगी, मागाबद्दल मला न येऊन कसं चालेल? मी ऐटीत रेघा मारल्या आणि सांगितलं, "हे आडवे धागे म्हणजे ताणा, आणि हे उभे म्हणजे बाणा."

खिडकीजवळ बाक कर्रकन वाजला. लावण्या उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असा काही संताप होता की मी दचकले. ती तरातरा पुढं आली, शेजारच्या मुलाच्या हातातला वर्गाचा खडू हिसकावला, माझ्या चित्रावर फुली मारली आणि म्हणाली, "अक्का, असं नाय. ताणा उभा. बाणा आडवा. बाणा कांडीत असतो. कांडी माझी आई भरते."

पाच वाक्यं. सगळी मराठीत.

मग ती थांबेना. कांडी कशी भरतात, ती पोटात घेऊन धोटा उभ्या धाग्यांतून कसा पळतो, धागा तुटला की आई काय पुटपुटते. मागं भिंतीला टेकून मॅडम उभ्या होत्या. उभ्या कसल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. त्या दिवशी माझ्या तुकड्याला मी नंतर हातच लावला नाही.

"चुकलीस ते बरं झालं," व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या. "हुशार बाईपुढं पोरं गप बसतात. चुकणाऱ्या बाईपुढं नाय बसत. कधीकधी मुद्दाम चुकत जा."

मी म्हटलं, "मुद्दाम नव्हते चुकले, मॅडम. मला खरंच माहीत नव्हतं."

"माझ्या लक्षात आलं गं ते. जर्नलमध्ये लिही नीट."

त्या पानावर ओळ आहे : 'अक्का, असं नाय.' माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणातली सगळ्यात महत्त्वाची टीका म्हणून मी ती जपली आहे.

---

फेब्रुवारी लागला. बैठक मार्चमध्ये. मी कसल्याशा फॉर्मसाठी विभागात गेले होते तेव्हा सरांचं बोलणं कानावर पडलं. ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, "शाळेची लेखी परवानगी नाही हो. कागद नसेल तर बैठकीत ठेवू काय? मागच्यासारखी सर्टिफिकेटंच बरी."

मी मॅडमना गाठलं. त्या जिन्यातच होत्या, दोन पायऱ्या एकदम चढत.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाईंचा अर्ज वर गेलाय. आठवड्याभरात कागद येईल. कागद आला की टेबलावर ठेवू. तोवर गप राहा."

गप. आमच्या घरात ही शिवी होती.

त्या संध्याकाळी मी लिहायला बसले. लिहिताना मला जे वाटत होतं ते आजही आठवतं. एकेक वाक्य खिळ्यासारखं बसत होतं. मथळा : 'पदवी भाषेची की झेरॉक्सची?' विद्यार्थ्यांना खरा अनुभव मिळतो आहे, तो मारू नका. मुलं बोलू लागली आहेत, त्यांचा आवाज बंद करू नका. आणि आमचं काम किती गरजेचं आहे हे पटावं म्हणून पुरावा दिला : 'या शाळेत तिसरी आणि चौथीला मिळून एकच शिक्षिका आहे. आठवड्यातून तीन दिवस तिसरीचा तास आम्ही बी.ए.चे विद्यार्थी घेतो.' शाळेचं नाव घातलं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात पत्रक छापलं आणि कॉलेजच्या दारात वाटलं. महेश वाटायला आला, पण एक पत्रक वाचून म्हणाला, "हँडबिल, हे मॅडमनी बघितलंय का?"

"बघतील की आता."

दुपारी मॅडमनी बघितलं. दारातच स्कूटी थांबवली, इंजिन चालू ठेवूनच सगळं वाचलं. मग इंजिन बंद केलं. मी छाती पुढं काढून उभी होते. मला वाटलं, त्या म्हणतील, लई भारी.

त्यांनी पत्रकाची घडी घातली. आणखी एक घडी घातली.

"तू बोललीस. कळलं," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाई काय बोलल्या?"

मला प्रश्नच कळला नाही.

"त्यांच्या शाळेबद्दल लिहिलंस. त्यांना विचारलंस का?"

"पण मॅडम, हे खरं आहे."

"खरं हाय की. म्हणून तर विचारते."

त्या पहिल्यांदा मला थकलेल्या दिसल्या. स्कूटीवरून उतरल्या नाहीत, पाय आपटला नाही. नुसत्या बसून राहिल्या. बसलेल्या मॅडम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

---

पत्रक कुणी वर नेलं ते मला माहीत नाही. पत्रकं वर जातातच, त्यासाठीच ती काढतात. दोन दिवसांत मोठ्या बाईंना विचारणा आली : लेखी परवानगीशिवाय बाहेरची माणसं वर्गावर कशी गेली? त्याच दिवसापासून आमचे तास बंद.

हे आम्हाला शाळेच्या फाटकाशी कळलं. शिपाईमामा अवघडून म्हणाले, "आत सोडता येत नाही, ताई." फाटकाच्या गजांपलीकडं लावण्या उभी होती. मागच्या तासाचा वर्गाचा खडू ती घरी घेऊन गेली होती. तो तिच्या मुठीत होता.

"अक्का, आज माझा नंबर होता," ती म्हणाली. संपूर्ण, नीट, मराठीत.

मी जन्मभर वाक्यांवर जगत आले आहे. त्या दिवशीच्या पानावर फक्त हे वाक्य आहे, तुकडे नाहीत.

मॅडम मला मोठ्या बाईंकडं घेऊन गेल्या. मला वाटलं होतं, ओरडा पडेल, आणि मला तो हवा होता. मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. म्हणाल्या, "तुझं पत्रक वाचलं मी. छान लिहितेस. एक बाई आणि दोन वर्ग, हे मीच मांडणार होते. त्याच अर्जात मांडलं होतं, परवानगीच्या खालच्या परिच्छेदात. माझ्या सहीनं. आता तो अर्ज नाही राहिला, माझा खुलासा झाला."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू दे. पोरांना काय सांगायचं ते सांग."

मॅडमनी तिथंच, टेबलाशी उभ्या उभ्या, वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. विद्यार्थी मी नेले, माझ्या शब्दावर नेले, मुख्याध्यापिकांनी फक्त मुलांचं हित पाहिलं, जबाबदारी माझी. खाली सही. मोठ्या बाई त्या पत्रामुळं समजेवर सुटल्या. त्याच पत्रावर आमच्या विभागाचीही सही मिळाली असती, तर सगळंच सावरलं असतं. विभागानं सही केली नाही. शेरा मारला : 'तासिका तत्त्वावरील प्राध्यापिकेचा वैयक्तिक उपक्रम.'

या एका ओळीवर मी अजून चार पत्रकं काढू शकते. मॅडम म्हणाल्या, "नको." पहिल्यांदाच मी ऐकलं. ऐकलं म्हणजे झोप उडाली, पण ऐकलं.

मार्चची बैठक झाली. उकाड्यामुळं दार उघडं होतं. मी आणि महेश बाहेर भिंतीला चिकटून उभे. मॅडमनी बारा जर्नलं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"हे काय, मॅडम? खडू?" कुणीतरी हसलं.

"हा शिकवणाऱ्याचा. हा मुलांचा. जून-जुलैची पानं बघा, मग जानेवारीची बघा. वाचायला दोन मिनिटं लागतील."

पंख्याची घरघर. पानं उलटल्याचा आवाज. महेशनं माझं मनगट धरलं होतं.

मग सरांचा आवाज, नेहमीपेक्षा हळू. "कल्पना चांगली आहे. पण कागद नाही. पुढच्या वर्षी विचार करू."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा जर्नलांचा गठ्ठा छातीशी होता. "ज्याचं त्याला," म्हणत त्यांनी वाटून टाकली. माझं देताना पहिलं पान उघडलं, कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. त्यात मॅडमचं नाव नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, तासच कमी झालेत. कदाचित झालेही असतील. माझ्या पत्रकामुळं त्या गेल्या, असं कुणी म्हणालं नाही. तसं नाही, असंही कुणी म्हणालं नाही. मी अजून त्या दोन वाक्यांच्या मधेच फेऱ्या मारते आहे, खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी.

आणि ऐका, पुढच्याच वर्षी मॅडमचा तो उपक्रम अभ्यासक्रमात आला. मोठ्या बाईंनी दुसरा अर्ज केला, परवानगी आली, विभागानं ठराव केला. 'भाषा अध्यापन : प्रत्यक्ष अनुभव'. माहितीपुस्तिकेत गुळगुळीत कागदावर छापलंय. सोबत निरीक्षणाचा तक्ता आहे, चौदा रकान्यांचा. 'आवाजाची पट्टी', 'फलकलेखन', 'वेळेचे नियोजन'. खडूचा उल्लेख कुठं नाही. मुलं काय बोलली, याला रकाना नाही.

तरी तो आला. बारा जूननंतर आला. मुलं शाळेत जातात, झेरॉक्सच्या दुकानात नाही. मॅडम असत्या तर त्यांनी तक्ता बाजूला सरकवला असता आणि नाचल्या असत्या. मला दोन्ही करता येत नाही.

---

मॅडम आता जेऊरकडं एका ज्युनिअर कॉलेजात आहेत. महेश सांगतो, स्कूटी तीच आहे आणि गुंडाळफळाही.

हे सगळं लिहून झालं तेव्हा मी पहिल्यांदाच छापायला देण्याआधी थांबले. मॅडमना फोन लावला. मधल्या सुट्टीची वेळ होती, मागं पोरांचा कालवा. मी म्हटलं, "मॅडम, तुमच्यावर लिहिलंय. वाचून दाखवू का?"

"लवकर वाच. घंटा व्हईल."

मी भरभर वाचलं. पत्रकाचा भाग गाळावासा वाटला, तरी वाचला.

"मी बोलले, मॅडम," मी म्हटलं. "तुम्ही काय बोलता?"

त्या हसल्या. "शिकलीस की गं! माझं नाव काढ त्यातनं. शाळेचं बी काढ. मोठ्या बाईंना दाखवलंस?"

"काल दाखवलं. त्या म्हणाल्या, छाप."

"लावण्या?"

"आता मोठ्या वर्गात आहे. धाकट्यांना ओरडून ओरडून मराठी शिकवते म्हणे."

"ओरडू दे. बरं, एक सांग. त्या पहिल्या पानावरचा वर्गाचा तुकडा अजून हाय तुझ्याकडं?"

"आहे. जपून ठेवलाय."

"जपायला दिला व्हता का तुला?" मॅडम म्हणाल्या. "तो पोरांचा हाय. त्यांचा त्यांना दे."

घंटा वाजली. फोन बंद करायला त्या विसरल्या असाव्यात. चपलांचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, पोरं उठून उभी राहिल्याचा आला. आणि मग, अगदी जवळून, टक्.

मी जर्नल काढलं. सेलोटेप पिवळी पडली होती. नखानं हळूहळू सोडवली. तुकडा निघाला, त्याच्या मोडलेल्या कडेला अजून धार होती. मी आता बी.एड. करते आहे, आणि उद्या सकाळी सहावीवर माझा पाठ आहे. विषय काय घ्यायचा ते ठरलेलं नाही. तुकडा मात्र पर्समध्ये टाकलेला नाही. टेबलावर ठेवलाय, जाताना हातात घ्यायचा म्हणून.